फुफीची पाठ, माझी पाठ

माझी पाठ जिथे दुखते त्या जागेला आपल्या बोलण्यात धड नाव नाही. मान दुखली की मान म्हणता येतं, कंबर दुखली की कंबर. मधलं जे आहे, खांद्यामागच्या दोन फऱ्यांच्या मधोमध आणि तिथून चार बोटं खाली, त्याला आपण नुसतं पाठ म्हणतो. आणि पाठ म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, "कमरेत का?" घरात आम्ही जी दखनी बोलतो तिच्यातही कमर आणि पीठ एवढंच. गेली सात वर्षं मी समोरच्याचा हात धरून "इथे नाही, वर, एवढं वर नाही, थोडं खाली" असं सांगत आले आहे. मुलांना उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या दुखण्याची जागा सांगता येऊ नये, याचं कधीकधी हसू येतं.

हकिमांच्या पुस्तकांत मात्र या जागेचा चोख हिशेब आहे. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच. मराठीत आपण त्यांना मणके म्हणतो, म्हणजे माळेतले मणी. उर्दू तिब्बी पुस्तकांत शब्द येतो मोहरा, बुद्धिबळातल्या सोंगटीला म्हणतात तोच. मला दोन्ही आवडतात. माझा त्रास त्या बारांपैकी सातव्या-आठव्याच्या आसपास आहे.

ही जागा मला लहानपणापासून ओळखीची होती. माझ्या फुफीचं कुबड नेमकं तिथे होतं.

फुफी, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, आमच्याच घरी पिंगळीला राहायची. तिचं लग्न झालं नाही. गोधड्या शिवायची, गल्लीतल्या मुलींना कायदा आणि कुरआन शिकवायची, आणि संध्याकाळी मला हाक मारायची, "आ गे, पीठ कू तेल लगा." मी तिच्या पाठीला तिळाचं तेल लावायचे. बोटं वरून खाली सरकत यायची, आणि मधे अचानक एक टोकदार उंचवटा लागायचा. तिथे जोर द्यायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. मला दुखायला लागलं तेव्हा पहिल्या महिन्यात मी कुणालाच काही बोलले नाही. रात्री नवरा झोपल्यावर हात मागे नेऊन उंचवटा लागतो का ते चाचपायचे.

फुफीचा जन्म १९४७ चा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती रांगत होती. परभणी तोवर निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. त्या धामधुमीत दादांचे दोघे भाऊ हैदराबादला निघून गेले ते तिकडचेच झाले. दादा इथेच राहिले, थोडी कोरडवाहू जमीन होती म्हणून. फुफी नऊ वर्षांची झाली तेव्हा, १९५६ च्या सुमाराला, तिची पाठ दुखायला लागली.

दादी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या सांगण्यात दोन खुणा हमखास यायच्या. एक, पोरगी रात्री झोपेत किंचाळून उठायची आणि जागी झाली की तिला काही आठवायचं नाही. घरात सगळ्यांनी ठरवलं, असर आहे. दोन, ती वाकेनाशी झाली. जमिनीवरची वस्तू उचलायची तर गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून, एक हात मांडीवर टेकवून हळूच खाली बसायची आणि तशीच उठायची. गावातल्या जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरणं तिने सोडलं. शेतात कापूस वेचायला नेली तर बोंडाशी उकिडवी बसून वेचायची, बायका हसायच्या. दादी म्हणायची, "मेरे कू लगा नखरे करती."

पुढे मी वाचायला लागले तेव्हा वैद्यकाच्या पुस्तकांत या दोन्ही खुणा सापडल्या. मुलांच्या मणक्याला क्षय झाला की दिवसभर पाठीचे स्नायू आवळून धरतात आणि दुखऱ्या मणक्याला हलू देत नाहीत. झोपेत ते सैल पडतात, मणका हलतो, आणि मूल किंकाळी फोडतं. आणि मुलाची परीक्षा करायची तर जमिनीवर नाणं टाकून उचलायला सांगायचं. मणका किडलेला असेल तर मूल पाठीतून वाकत नाही, गुडघ्यातून बसतं. म्हणजे आमच्या घरात जे 'असर' आणि 'नखरे' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं, ते दोन ओळीत छापलेलं निदान होतं.

फुफीवर इलाज झाले नाहीत असं नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला. तुंबड्या लावून झाल्या. एका बाईने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बिब्ब्याचे चटके दिले, ते डाग मी पाहिलेत, दोन ओळीत, बटणं लावल्यासारखे. फेब्रुवारीत परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांचा उर्स भरतो. तिथे सगळ्या जातीधर्माची माणसं दुखणी घेऊन येतात. फुफीलाही नेलं. उर्साबद्दल ती नेहमी प्रेमाने बोलायची. तिथल्या गर्दीत तिच्या पाठीकडे कुणी वळून बघत नसे.

हळूहळू दुखणं कमी झालं आणि कुबड वाढलं. दोन-तीन वर्षांत ताप, दुखणं, किंकाळ्या सगळं थांबलं. उरलं ते कुबड.

आता बिब्ब्याच्या चटक्यांबद्दल. ते डाग आठवले की मला त्या अनोळखी बाईचा राग यायचा. मग पर्सिव्हल पॉट यांच्याबद्दल वाचलं आणि तो राग जरा निवला. हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलचे सर्जन, आपल्या काळातले नामांकित. १७७९ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. कण्याला बाक येतो आणि पायातली ताकद जाते, त्यात पायांचा दोष नसून मणक्याचं हाडच सडलेलं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आजही डॉक्टर या आजाराला त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यांचा इलाज काय होता? कण्याच्या दोन्ही बाजूंना दाहक औषधाने जखमा करायच्या आणि त्या महिनोन्‌महिने वाहत्या ठेवायच्या, म्हणजे आतला दोष बाहेर पडेल. दोन्ही बाजूंना, ओळीत. लंडनचा मोठा सर्जन आणि पिंगळीची बिब्बेवाली बाई एकच गोष्ट करत होते. फरक एवढाच की मधे पावणेदोनशे वर्षं गेली होती, आणि तोवर लंडनमध्ये ते बंद झालं होतं.

आमच्याकडे कुणी पाठदुखीचं नाव काढलं की एखादे साहेब म्हणतातच, हे सगळं आपल्या हकिमांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. दुसऱ्या आळीत हेच वाक्य वैद्यांच्या नावाने ऐकायला मिळतं. मला दोन्हींचा अभिमान आहे, म्हणूनच नीट सांगायला हवं. इब्न सीना यांनी अल-कानूनमध्ये कण्याची रचना मणका न मणका लिहिली आहे, आणि कुबडाला हदबा या नावाने वेगळं प्रकरण मानलं आहे. अंदलुसियाचे अबुल कासिम अज-जहरावी (साधारण ९३६ ते १०१३) यांच्या अत-तसरीफ या ग्रंथाचे तीस भाग आहेत. शेवटच्या भागात शस्त्रक्रिया आणि हाडं बसवण्याची विद्या आहे. जागचा सरकलेला मणका बसवण्यासाठी माणसाला पालथं झोपवायचं, पट्ट्यांनी दोन्हीकडून ताणायचं आणि वरून फळीने दाबायचं, अशी योजना त्यात आहे. तिचं मूळ ग्रीक आहे. १४६५ मध्ये तुर्कस्तानात अमास्या इथल्या सबुंजुओग्लू यांनी तिची रंगीत चित्रं काढून ठेवली. पडून-झडून सरकलेल्या मणक्यासाठी ती विद्या होती. क्षयाने पोखरून मऊ झालेल्या मणक्यावर तसा दाब दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात. कुबड आणि छातीतल्या गाठी एकत्र आढळतात, ही नोंद ग्रीकांच्याही लिखाणात आहे. कारण मात्र कुणालाच माहीत नव्हतं, ना हकिमांना, ना वैद्यांना, ना पॉट साहेबांना. ते कळायला २४ मार्च १८८२ उजाडावा लागला, त्या दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला.

त्या जुन्या लोकांकडून घ्यायची गोष्ट मला वेगळीच वाटते. अब्दुल लतीफ बगदादी यांचं उदाहरण पाहा. १२०० च्या सुमाराला इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला, काहिराबाहेर हाडांचे ढीग पडले. या माणसाने तिथे जाऊन सांगाडे तपासले, आणि जालिनूसने म्हणजे गॅलेनने खालच्या जबड्याबद्दल जे लिहिलं ते चूक आहे, असं नोंदवून ठेवलं. जालिनूस म्हणजे त्या काळचा अखेरचा शब्द. पण मोठ्या माणसाच्या शब्दापेक्षा डोळ्यांना दिसलेलं खरं, असं तो म्हणाला.

दुसरं उदाहरण तर आपल्या मातीतलं आहे. मुहम्मद कासिम फरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. त्यांची उमेदीची वर्षं अहमदनगरच्या निजामशाहीत गेली, नंतर ते विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या दरबारी गेले. त्यांनी फारसीत वैद्यकावर एक ग्रंथ लिहिला, दस्तूर-उल-अतिब्बा. विषय कुठला, तर हिंदुस्थानी वैद्यांची विद्या. ग्रीक-अरबी तिब्ब शिकलेल्या आपल्या लोकांना इथली औषधं आणि इथली रीत कळावी, म्हणून केलेलं काम. दख्खनमधल्या मुसलमानाने चारशे वर्षांपूर्वी शेजाऱ्याची विद्या आपल्या भाषेत आणली आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. शाळेत इतिहासाच्या तासाला फरिश्ता एका ओळीत उरकतात, तिथे ही एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

पण मी फुफीबद्दल बोलत होते. १९५६ ला जगात काय चाललं होतं ते बघू. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं होतं, आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं होतं. आणि नेमक्या १९५६ साली मद्रासमध्ये एक मोठं काम सुरू झालं. क्षयाच्या रोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवलं पाहिजे, चांगली हवा, चांगलं अन्न, पूर्ण विश्रांती, ही तोवरची समजूत. मद्रासच्या केमोथेरपी सेंटरने शहरातल्या गरीब वस्तीतले फुफ्फुसाच्या क्षयाचे रोगी घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच कोंदट घरात राहू दिलं, आणि दोघांनाही वर्षभर त्याच गोळ्या दिल्या. १९५९ ला निष्कर्ष छापला गेला: घरातले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले. खरा इलाज गोळीचा होता. पुढे दक्षिण कोरियात मणक्याच्या क्षयावर असेच प्रयोग झाले. तिथेही दिसलं की औषध नीट चालू असेल तर महिनोन्‌महिने पलंगाला खिळून राहण्याची किंवा प्लास्टरच्या जाकिटाची बहुतेकांना गरज नाही. आपल्याकडे बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी यातूनच मधला मार्ग काढला, आधी औषध, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्याला लागेल त्याला.

म्हणजे फुफी किंचाळून उठत होती त्याच वर्षी, आमच्या घरासारख्याच घरांतल्या लोकांना गोळ्या देऊन मद्रासमध्ये बघितलं जात होतं.

पिंगळी काही जगाच्या टोकाला नाही. गावाला रेल्वे स्टेशन आहे, परभणी आणि मिरखेलच्या मधे. हैदराबाद-मनमाड मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून इथून जातो. गाडी एका दिशेला बसलात तर पूर्णा, नांदेड करत काचीगुड्याला, म्हणजे हैदराबादला. दुसऱ्या दिशेला बसलात तर जालना, औरंगाबाद. निजामाच्या काळात मोठं दुखणं म्हणजे हैदराबाद, हे ठरलेलं. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात अफजलगंजचं जुनं इस्पितळ वाहून गेल्यावर उभं राहिलेलं उस्मानिया, चारमिनारजवळचा निजामियाचा युनानी शिफाखाना. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात क्षयरोग्यांचं सॅनेटोरियमही होतं. उस्मानिया विद्यापीठात त्या वेळी डॉक्टरीसुद्धा उर्दूत शिकवत, त्यासाठी दारुल तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातंच उघडलं होतं. माझ्यासारख्या उर्दूच्या बाईला हे वाचून उगाच भरून येतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. कागदावर हिशेब बरोबर जुळतो, एक दरवाजा लांब गेला, दुसरा उघडला. पण घरातल्या माणसांचं डोकं नकाशाबरोबर एका रात्रीत बदलत नाही. दादांच्या भावांचं हैदराबादहून पत्र आलं होतं, पोरीला घेऊन या, इथे मोठ्या डॉक्टरला दाखवू. दादांना वाटे, आता ते दुसरं राज्य झालं, तिथे आपल्याला कोण विचारणार. औरंगाबादला ओळखीचं कुणी नव्हतं. आणि दादी प्रांजळपणे सांगायची ते असं, की पत्र आलं तेव्हा कापूस फुटला होता. वेचणी झाली की जाऊ, असं ठरलं. वेचणीनंतर पैसे सावकाराकडे गेले. पुढच्या साली पोरीचा ताप उतरला होता, मग कशाला जायचं? स्टेशन घरापासून चालत जाण्याइतकं, गाडी रोज ये-जा करायची. फुफी शिटी ऐकून वेळ सांगायची.

हे सगळं आम्हाला कळलं १९९४ मध्ये. मी तेव्हा चौदा वर्षांची. फुफीला खोकला जाईना म्हणून अब्बांनी परभणीला एका डॉक्टरांकडे नेलं, बरोबर मी. छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, छाती बघितली, ती ठीक होती. मग त्यांचं बोट मधे थांबलं. एक बाजूचा फोटो आणखी काढायला सांगितला. त्यात मला पण दिसलं, वरचे मणके वेगवेगळे, खालचे वेगवेगळे, आणि मधे दोन की तीन वितळून एक झालेले, पाचरीसारखे. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी हाडाचा टीबी होऊन गेलाय यांना. आपोआप विझला. पाय शाबूत राहिले हे नशीब."

फुफी पदर सावरत होती. तिने विचारलं, "डाक्टरसाब, इसकी दवा थी?"

डॉक्टरांनी साल विचारलं. अब्बांनी सांगितलं. डॉक्टर जरा थांबून म्हणाले, "होती. तेव्हासुद्धा होती."

येताना आम्ही पॅसेंजरने आलो. फुफी खिडकीशी बसली होती. घरी आल्यावर तिने अस्रची नमाज पढली आणि मला तेल लावायला हाक मारली. त्या दिवशी किंवा नंतर कधी तिने दादा-दादींबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. ती माणसं तोवर गेलीही होती. मीच त्या संध्याकाळी तेल लावताना रडले, आणि ती म्हणाली, "तेरे कू क्या हुआ गे?"

आता माझं. बी.एड. करून नोकरीला लागले त्याला वीस वर्षं होऊन गेली. परभणीला उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, पिंगळीहून रोज जाऊन-येऊन. सहा तास उभं राहणं, फळ्यावर हात वर करून लिहिणं, वह्यांची पिशवी एकाच खांद्याला, वर निवडणुकीच्या याद्यांची कामं. दुखायला लागलं तेव्हा आधी बाम चोळला, मग मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या. एका हाडवैद्याने पालथं झोपवून पाठीवर कोपर रोवायला घेतलं, तेव्हा मी उठून बसले. फुफीमुळे. हिजामाही केला. खोटं कशाला बोलू, दोन-तीन दिवस हलकं वाटलं, मग पुन्हा तेच. हिजामा सुन्नत आहे, तो करण्यात गैर काही नाही. पण हिजामा केला म्हणजे डॉक्टरकडे जायला नको, हे कुठून आलं? हजरत सअद बिन अबी वक्कास आजारी पडले तेव्हा नबी करीम (स.) यांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला, आणि सांगितलं काय, तर सकीफ कबिल्यातल्या हारिस बिन कलदाकडे जा, तो वैद्यकी करतो. अबू दाऊदमध्ये ही रिवायत आहे. हात ठेवणंही आहे आणि वैद्याचं नाव-गावही आहे. आपण पहिलं लक्षात ठेवतो.

शेवटी मी एका तरुण डॉक्टरांकडे गेले. रात्री ताप येतो का, वजन उतरलं का, झोपेतून दुखण्याने जाग येते का, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का, असं त्यांनी एकेक विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी फुफीची हकीकत सांगितली. त्यांनी रक्त तपासलं आणि एमआरआयला नांदेडला पाठवलं. त्या नळीत अर्धा तास धाडधाड आवाज ऐकत पडले होते. येत होत्या तेवढ्या सगळ्या सूरती पढून झाल्या.

टीबी नव्हता. गाठ नव्हती. मणक्यांची थोडी झीज, वयाप्रमाणे. मी शुकराना पढला. आणि दुसऱ्या दिवशी पाठ पुन्हा दुखायला लागली तेव्हा मला चक्क अपमान वाटला. मग दुखतं कशाने? घरातही सूर बदलला, रिपोर्ट तर साफ आहे ना. म्हणजे आता नखरे. डॉक्टरांनी सांगितलं ते मला पुरलं: न दुखणाऱ्या कित्येक माणसांच्या फोटोतही झीज दिसते, आणि दुखणाऱ्यांच्या फोटोत काही दिसेलच असं नाही. दुखणं खरं आहे, फोटो त्याचा पुरावा नाही. व्यायाम दिले, चालायला सांगितलं, झोपून राहू नका म्हणाले. पूर्ण बरं होईल असं वचन त्यांनी दिलं नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्या दिवसांत बाबा आमटेंची आठवण यायची. आनंदवनचं काम आपण सगळे जाणतो, पण त्यांच्या पाठीकडे माझं लक्ष तोवर गेलंच नव्हतं. कण्याच्या आजाराने त्यांना कित्येक वर्षं बसता येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते, तरुण सायकलवर आणि बाबा बसमधल्या बिछान्यावर. त्यांनी पाठ बरी व्हायची वाट बघितली नाही, बसमध्ये बिछाना घालून घेतला. मी काही बाबा आमटे नाही. पण शाळेत एक उंच स्टूल मागून घेतलं. वह्या आता दोन पिशव्यांत, दोन हातांत. फळ्यावर वरच्या ओळी मुलंच लिहितात, त्यांना ते फार आवडतं.

नमाजचा प्रश्न जास्त अवघड गेला. रुकूत जाताना कळ यायची, सजद्यातून उठताना तर फारच. खुर्चीवर पढायचं माझ्या जिवावर आलं होतं, अम्मीसुद्धा सत्तरीत जमिनीवर पढते. मग इमरान बिन हुसैन यांची हदीस पुन्हा काढून वाचली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांना सांगितलं गेलं, उभं राहून पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. सोपी गोष्ट आहे, मी मुलांना अनेकदा सांगितलेली. स्वतःवर घ्यायला सहा महिने लागले. वाईट दिवसांत आता प्लास्टिकची खुर्ची असते, चांगल्या दिवसांत जानमाज. कुठला दिवस कसा निघेल ते फजरला कळतं.

मधल्या काळात क्षयाचा इलाज कुठवर आला? १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. अंबाजोगाईला, नांदेडला, आणि अगदी अलीकडे परभणीलाही सरकारी मेडिकल कॉलेज झालं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, वर रोग्याला खाण्यापिण्यासाठी खात्यात पैसे येतात, आधी महिन्याला ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १०००. हाडाच्या क्षयाला वर्षभर तरी औषध घ्यावं लागतं. आणि तो थुंकीतून पसरत नाही, तरी लोक ताट वेगळं करतात.

मी एक सवय लावून घेतली आहे. वर्गात कुणी पाठ दुखते म्हणालं की माझ्या हातून खडू पडतो. मुलं वाकून पटकन उचलून देतात, बाईंच्या हातात काही टिकत नाही म्हणून हसतात. वाकणारी मुलं बघितली की मी दप्तराचं वजन बघते आणि पुढे शिकवायला लागते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने खडू उचलायला बाकाचा कोपरा धरला, पाठ ताठ ठेवली, आणि गुडघे मोडून हळूच खाली बसली. मी तिच्या आईला बोलावलं. आई म्हणाली, पंधरा दिवसांनी येते, आत्ता वेचणी चालू आहे. मी म्हटलं, वेचणीनंतर नाही, उद्या, मी येते बरोबर. रजेचा अर्ज तिथेच लिहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत होतो. बसायला जागा एकच होती, आई मला म्हणाली, तुम्ही बसा मॅडम, तुमची पाठ दुखते ना. मी मुलीला बसवलं.

तेरा महिने गोळ्या चालल्या. पाठीला किंचित बाक राहिला आहे, कपड्यांवरून कळत नाही. परवा पोषण आहाराच्या रांगेत तिच्या हातून वाटी पडली. ती वाकली आणि वाटी उचलून पुढे गेली.